पाणी फिरेपर्यंत

बोरी अरबला भरती येत नाही. आमची अडाण नदी उन्हाळ्यात इतकी रोडावते की म्हशींना डुंबायला डबके शोधत फिरावे लागते. पावसाळ्यात मात्र एखाद्या रात्री ती अशी येते की सकाळी पुलाच्या दोन्ही तोंडांना माणसे उभी असतात, आणि दुपारपर्यंत काही झालेच नाही अशी निघूनही जाते. तिचे पाणी पैनगंगेत, पैनगंगेचे वर्धेत, वर्धेचे प्राणहितेत आणि तिथून गोदावरीच्या वाटेने पूर्वेच्या समुद्रात. म्हणजे समुद्र आम्हालाही आहे, पण इतका लांब की त्याचा श्वास इथवर पोचत नाही. दारव्हा तालुक्यातल्या माणसाने भरती-ओहोटीवर लिहायला बसावे याचे मलाच हसू येते. पण माझी वीस वर्षे त्या पाण्यावर गेली, आणि तिथे एक प्रश्न पायात काट्यासारखा मोडला तो अजून निघालेला नाही.

१९९२ साली मी आयटीआयचे डिझेल मेकॅनिकचे प्रमाणपत्र घेऊन घराबाहेर पडलो. दारव्ह्याहून शकुंतलेने मूर्तिजापूर, आणि मग गाड्या बदलत बदलत गोवा. शकुंतला ही गाडी वेळेवर येण्यासाठी प्रसिद्ध नव्हती. वाटेत उतरून बोरे वेचून परत चढता येते अशी तिची ख्याती. त्या गाडीतून निघालेल्या मुलाला पुढे मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवणाऱ्या पाण्यावर नोकरी लागली. खनिजाच्या बार्जवर इंजिनचा मदतनीस, नंतर इंजिन ड्रायव्हर. सावर्ड्याच्या बाजूला जुवारी नदीच्या काठी खाणीचा माल चढायचा, लाल मातीसारखे लोहखनिज, हजार-दीड हजार टन. तो घेऊन नदीने खाली मुरगाव बंदरात जायचे, मोठ्या जहाजात ओतायचे आणि रिकामे वर यायचे. वाटेत शिरोडा, मग बोरीचा पूल, मग कुठ्ठाळीचे पूल, पुढे नदी इतकी रुंद होते की ती नदी आहे हे विसरायला होते. हो, बोरी. कवी बा. भ. बोरकरांची बोरी. एका बोरीहून निघून दुसऱ्या बोरीच्या पुलाखालून मी किती वेळा गेलो त्याची गणती नाही. घरी पहिल्या पत्रात लिहिले होते, 'इथेबी बोरी हाय, पण बोर कुठं दिसली नाही.'

त्या नदीत गर्दी किती, हे आता सांगून पटणार नाही. पुढे एक, मागे एक, समोरून रिकाम्या बार्जची रांग, मधूनच आडवी जाणारी फेरीबोट, काठालगत एकट्या माणसाचे होडके आणि त्याचे जाळे. आणि या सगळ्यांखाली पाणी, जे दर सहा तासांनी आपला विचार बदलते.

आमचे सारंग मालवणकडचे होते. सारंग म्हणजे बार्जचा मुख्य, सुकाणू त्याच्या हातात. मी त्यांना मामा म्हणे. केबिनमध्ये त्यांच्या डोक्यावर कालनिर्णय टांगलेले असे. कालनिर्णय काढणारे जयंतराव साळगांवकर मालवणचेच, त्यामुळे मामा त्याच्याकडे घरच्या कागदासारखे बघत. डेहराडूनहून सर्व्हे ऑफ इंडिया भरतीची कोष्टके छापते. हिमालयाच्या पायथ्याशी बसून समुद्राचे वेळापत्रक काढणारे ते लोक मला नेहमी गमतीचे वाटत. तर ते पुस्तकही केबिनमध्ये होते, पण मामा ते क्वचित उघडत. ते तिथी बघत. कोकणातला जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी मागे सरकते. त्या पन्नास मिनिटांचा पाऊण तास धरला की झाले. अर्थात पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते, आणि यायला हवेत बारा. पंधरवड्यात पाऊण तासाची खोट. शिवाय मालवणची वेळ मुरगावला तशीच लागत नाही, आणि नदीच्या मुखाशी भरती पूर्ण झाली तरी वर सावर्ड्याकडे ती पोचायला उशीर. ही सगळी खोट मामा डोळ्यांनी भरून काढत.

डोळ्यांनी म्हणजे कसे, ते मी जवळून पाहिले आहे. बोरीच्या पुलाच्या खांबांना कालवे चिकटलेली असत, पांढरट, धारदार, एका रेषेपर्यंत. त्या रेषेच्या वर खांब कोरडा, खाली ओला. मामा आधी ती रेषा बघत. मग खांबाच्या कडेने पाण्याला पडलेली चूण बघत: खांबाच्या कोणत्या अंगाला पाणी फुगलंय आणि कोणत्या अंगाला भोवरा धरतंय. मग काठाला नांगरलेल्या होड्या. ओढ समुद्राकडे असली की होड्यांची तोंडे वर, ओढ वर असली की तोंडे समुद्राकडे. मध्ये एक वेळ अशी येते की होड्या गोंधळतात. एक इकडे बघते, दुसरी तिकडे, तिसरी आडवी. "पाणी उभा आसा," मामा म्हणत. "वाईच थांब. फिरूक व्हया." आणि पाणी फिरेपर्यंत इंजिन रूमची घंटी वाजत नसे.

इथे एक गोष्ट मला कळायला दोन वर्षे लागली. पाण्याची उंची आणि पाण्याची दिशा एकदम बदलत नाहीत. ओहोटी तळाला जाऊन पाणी पुन्हा चढायला लागते, खांबावरची रेषा बुडायला लागते, तरी ओढ कितीतरी वेळ समुद्राकडेच असते. पावसाळ्यात डोंगरावरचे पाणी उतरू लागले की तर विचारूच नका. भरती चढते आहे आणि पृष्ठभागावरचा पालापाचोळा मात्र खालीच वाहतो आहे. काठावर उभा असलेला माणूस म्हणेल, ओहोटी आहे. खांब म्हणेल, भरती आहे. दोघेही खरे.

दिवाळीच्या सुटीत घरी आलो की ओसरीवर बाबांना हे सगळे सांगायचो. बाबा माळकरी. आषाढी-कार्तिकी एकादशी, दर पेरणीला मुहूर्त, मृगाचे वाहन यंदा कोल्हा की मेंढा याची पंचांगात चौकशी, हे सगळे करणारे. मी दारव्ह्याला अंधश्रद्धा निर्मूलनाची व्याख्याने ऐकून आलेला, त्यामुळे माझा या सगळ्याला विरोध. आमचे त्यावरून खटके उडत. तर एकदा तिथीची पाऊणपट ऐकून बाबा बराच वेळ गप्प बसले. अडकित्त्यात सुपारी तशीच. मग म्हणाले, "म्हंजे ते पाणी चंद्रावर चालते. अन् तू कोण्या दिवशी बार्ज हाकाची ते तिथी पाहून ठरते. मंग आमचा पेरणीचा मुहूर्त काहून खोटा?"

मला उत्तर सुचले नाही. आजही चटकन सुचत नाही. मी काहीतरी गुरुत्वाकर्षण वगैरे बोललो. त्यांनी मान हलवली, म्हणजे पटले नाही.

पुढे वाचनात आले की या प्रश्नावर माझ्यापेक्षा फार मोठी माणसे घसरली आहेत. गॅलिलिओ. त्याने १६३२ च्या आपल्या ग्रंथात भरतीचे कारण पृथ्वीचे फिरणे असे सांगितले आणि चंद्राची पाण्यावर सत्ता चालते असे मानणाऱ्या केप्लरबद्दल नवल व्यक्त केले. आकाशातल्या गोलाने लांबून पाणी ओढावे, यात त्याला गूढविद्येचा वास आला. मच्छीमारांना जे शेकडो वर्षे ठाऊक होते ते त्याने ज्योतिषाच्या जातीचे म्हणून बाजूला सारले, आणि १६८७ मध्ये न्यूटनने हिशोब मांडला तेव्हा मच्छीमार बरोबर निघाले. हे वाचून मला बाबांची सुपारी आठवली. मी त्यांचा मुहूर्त ज्या तोऱ्यात उडवून लावत होतो त्यातला थोडा तोरा गॅलिलिओचाच होता.

पण म्हणून मुहूर्त खरा ठरतो का? तेही नाही. चंद्र पाणी ओढतो हे कोणालाही काठावर काठी रोवून तपासता येते. ते बार्जच्या मालकाच्या राशीवर अवलंबून नसते, आणि सारंग सोवळ्यात आहे की ओवळ्यात हे पाणी विचारत नाही. इथवर माझी बाजू घट्ट होती. ती जिथे सैल झाली ती रात्र सांगतो.

दशमी होती. भांग अजून पुरता सरला नव्हता. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मेलेली भरती, पाणी धड चढत नाही की धड उतरत नाही. मुरगावला उधाणातसुद्धा पाणी दोन मीटरच्या आसपासच चढते-उतरते. मुंबईला ते पाच मीटरपर्यंत जाते, खंबायतच्या आखाताच्या नरसाळ्यात शिरले की भावनगरला दहाच्याही वर. जिथे मुळातच थोडे चढते तिथे भांगात वितीवितीचा हिशोब असतो. आम्ही भरलेले होतो. सकाळची भरती पूर्ण व्हायच्या सुमाराला जेटी सोडायची, म्हणजे वरचे उथळ पट्टे पाणी भरलेले असताना ओलांडून होतात आणि पुढे ओहोटीची ओढ पाठीशी घेऊन खाली जाता येते, असे मामांनी ठरवले होते. जेटी सोडली आणि इंजिन दम टाकायला लागले. डिझेलचा फिल्टर चोंदला होता. तो बदलायचा आहे हे मला चार दिवस ठाऊक होते. उद्या करू म्हणून ठेवला होता. पुन्हा बांधलो. फिल्टर बदलला, नळ्यांतली हवा काढली, सगळे मिळून पन्नास मिनिटे गेली. मामा बोलले काही नाहीत, फक्त दोनदा खाली इंजिन रूमच्या दारात येऊन उभे राहिले आणि गेले.

बोरीच्या वरच रुतलो. धक्का असा नाही बसत. कोणीतरी हळूच पदर धरून थांबवावे तसे वाटते. मागे घेऊन पाहिले, पंख्याने नुसता गाळ उडाला, पाणी चहासारखे झाले. ओहोटी सुरू झालेली. दर मिनिटाला आमच्याखालचे पाणी कमी होत होते. बार्ज रेतीवर बसत गेली, लोखंड कण्हल्यासारखे आवाज करायला लागले. मला वाटले संध्याकाळच्या भरतीला सुटू. मामांनी मान हलवली. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. एक थोरली, एक धाकटी. आमची चुकली ती थोरली होती. धाकटीने आम्ही उचलले जाणार नव्हतो. म्हणजे पुरते पंचवीस तास.

रात्री मी डेकवर बसलो होतो आणि बाजूने रिकाम्या बार्ज वर जात होत्या. एकामागून एक. उंच तरंगत, सर्चलाइट पाण्यावर फिरवत, आमच्यापासून दोन बार्जइतक्या अंतरावरून. एकाने भोंगाही वाजवला, चेष्टेने. तेच पाणी, तीच तिथी, तीच घटका. आम्ही रुतलेले आणि ते मजेत. तेव्हा मला बाबांच्या प्रश्नाची एक बाजू पहिल्यांदा दिसली. पंचांगात लिहिलेला मुहूर्त सगळ्यांना सारखा असतो. नदीतली वेळ सारखी नसते. ती तुमच्या पोटात किती माल आहे त्यावर ठरते. रिकाम्याला जी शुभ, तीच भरलेल्याला अशुभ. इतकेच काय, एकाच बार्जला एकाच क्षणी दोन वेळा लागू असतात: तळाला भरती हवी असते म्हणजे रेती लागणार नाही, आणि वरच्या भागाला ओहोटी हवी असते म्हणजे पुलाला डोके लागणार नाही. मुहूर्त आकाशात नसतोच, असे मी म्हणणार नाही. पण तो अर्धाच आकाशात असतो. उरलेला अर्धा कुठे असतो, तर आपण काय भरून निघालो आहोत तिथे.

तेवढ्यात मामा चहा घेऊन आले. कोकणातला माणूस, देवाधर्माचा. म्हटले, मामा, हे आपले दैवच म्हणायचे. मामांनी कप ठेवला.

"दैव खयचा?" ते म्हणाले. "फिल्टर."

हसू नका. त्या एका शब्दाने माझी बरीच पुस्तके वाचून झाली. दैव नसते असे ते म्हणत नव्हते. दुसऱ्या दिवशी सुटल्यावर त्यांनी बोरीच्या दिशेला तोंड करून नवदुर्गेला नारळ वाढवला, आणि खोबरे मलाच दिले. पण जे आपल्या हातात होते त्याला दैव म्हणून देवाच्या माथी मारू नये, इतके त्यांचे स्वच्छ होते. भरती धाकटी की थोरली हे दैव. फिल्टर हा फिल्टर.

दुसरी एक गोष्ट त्यांनीच शिकवली, ती मला जास्त टोचते. आपण म्हणतो, वारा पाठीशी आहे, काळ अनुकूल आहे, आता काय, निघा. नदीत अनुभव उलटा येतो. ओढ पाठीशी असताना बार्ज पळते खरी, पण त्या वेगाच्या मानाने सुकाणूच्या पात्यावर पाण्याचा दाब कमी पडतो, कारण पाणीही तुमच्याबरोबरच धावत असते. थांबायचे म्हटले तर थांबता येत नाही. "ओढ पाठीक आसली काय सुकाणू आयकना नाय," मामा म्हणत. आणि म्हणूनच नदीत चाल अशी की ओढीबरोबर येणाऱ्याला वाट समोरच्याने द्यायची. तो बिचारा सुदैवात सापडला आहे, त्याला स्वतःला आवरता येत नाही. उलट ओढीच्या विरुद्ध जाणारा हळू जातो पण एका जागी उभा राहू शकतो, नाक बोटभर इकडे बोटभर तिकडे वळवू शकतो. साडेसातीला भिणाऱ्या आणि गुरुबळाची वाट बघणाऱ्या आमच्या लोकांना हे कोणीतरी सांगायला हवे. मी सांगून पाहिले. एकाने विचारले, "मंग साडेसातीत लग्न कराव म्हंता का?"

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. शेकडो बार्ज नद्यांत नांगरून उभ्या राहिल्या, रिकाम्या, भरतीला तोंडे एकीकडे आणि ओहोटीला दुसरीकडे करत. मामा आधीच निवृत्त होऊन गावी गेले होते. मी पुढच्या वर्षी बोरी अरबला परत आलो, चार एकर काळ्या रानात.

पहिल्याच हंगामात मी चूक केली. मृगाच्या आधी जोराचा एक पाऊस झाला. मला वाटले, ओढ पाठीशी आहे. कृषी विभाग दरवर्षी घसा कोरडा करून सांगतो, पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मी तेही वाचलेले. पण शेजारी सरकी लावत होता, बियाण्याच्या थैल्या घरात आणून ठेवलेल्या, हात शिवशिवत होते. बाबा तेव्हा थकले होते. त्यांना खाटेवरून धुऱ्यापर्यंत मी धरून नेले. ते वाकले, मूठभर माती उचलली, तिचा लाडू वळला, आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडला. लाडू जमिनीवर पडला आणि तसाच राहिला, थोडा चपटा झाला फक्त.

"बसला," ते म्हणाले. "फुटाले पाह्यजे. वाफसा नाही."

ज्यांनी काळी माती हाताळलेली नाही त्यांच्यासाठी: पाऊस पडल्यावर जमीन चिखल असते, तेव्हा तिच्यात काही करता येत नाही, तिफन गच्च होते. मग ती हळूहळू वाळते, आणि पुढे तडकून दगड होते, तेव्हाही काही करता येत नाही. या दोहोंच्या मधे एक-दोन दिवस असे येतात की माती ओली असते पण चिकटत नाही, मोकळी असते पण कोरडी नसते. तिच्यातून वाफ निघावी तशी ती श्वास घेते. तो वाफसा. तो पंचांगात छापता येत नाही, कारण तो प्रत्येक वावराचा वेगळा. नाल्याकाठच्या रानाला उशिरा, बरड्यावर लवकर. एका धुऱ्याच्या दोन बाजूंनाही वेगळा.

मी त्यांचे ऐकले नाही. दोन दिवस थांबवले नाही. लावले. मग पावसाने तीन आठवडे तोंड दाखवले नाही. वर पापुद्रा धरला, अर्धे बी आत कुजले, उरलेले उगवून करपले. दुबार पेरणी. बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा. बाबांनी टोमणा मारला नाही, हे आणखी वाईट. मला मात्र खाटेच्या पायथ्याशी बसून मामांचा आवाज ऐकू येत होता. दैव खयचा?

त्याच पावसाळ्यात वाचनालयातून महाभारताचे मराठी भाषांतर आणले होते. अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो, दैव थोर की माणसाचा प्रयत्न? भीष्म वसिष्ठ आणि ब्रह्मदेवाचा जुना संवाद सांगतात. त्यात शेतकऱ्याला लगेच कळेल असा दाखला आहे: प्रयत्न म्हणजे शेत, दैव म्हणजे बी, आणि दोघांचा योग झाला की पीक. विद्वानांनी यावर पुष्कळ लिहिले असेल. मी तो अध्याय बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "बी हाय, वावर हाय. वाफसा कुठी गेला?"

या प्रश्नावर मी अजून अडलेलो आहे. माझे मत विचाराल तर दैव आणि प्रयत्न या दोन खांबांवर जो वाद शतकानुशतके चालला आहे, त्यात मधली जागा कोणी नीट बघितलेली नाही. वाफसा दैव नाही, कारण तो वाट बघणाऱ्याला दरवेळी सापडतो. आणि तो प्रयत्नही नाही, कारण कितीही कष्ट केले तरी तो एक तास आधी आणता येत नाही. भरती कोणी ओढून आणत नाही. तरी ती असताना तयार नसणे हा आपलाच दोष. मग ईश्वराचा वाटा यात कुठे? पाऊस धाडण्यात, पाणी फुगवण्यात, की माती केव्हा सुटते हे ओळखणारा हात देण्यात? बाबा म्हणायचे, तिन्हीत. मी म्हणतो, तिसऱ्याबद्दल माझी खात्री आहे, पहिल्या दोनांबद्दल तुम्ही म्हणता तर असेल.

पंढरपूरच्या गोष्टीतही मला हल्ली हेच दिसते. पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, देव दारात आला, तर त्याने वीट फेकली: यावर उभा राहा, हातातले संपू दे. लोक यात भक्ताचा अधिकार बघतात. मला त्यात देवाचा समजूतदारपणा दिसतो. माणूस भरलेला आहे, त्याचे पाणी अजून फिरलेले नाही, हे त्याला कळले आणि तो उभा राहिला. बाकीचे देव मुहूर्तावर येतात-जातात. हा एकटा दुसऱ्याच्या वेळेसाठी थांबला, आणि तोही नदीकाठी.

बाबा गेले त्याला आता काही वर्षे झाली. मागल्या एका जूनची गोष्ट सांगून थांबतो. आषाढीच्या आधीचे शेवटचे मुहूर्त, गावात एक लग्न. मुलगी आमच्या गल्लीतली, नवरदेव नदीपलीकडचा. मुहूर्त अकरा बेचाळीसचा. पहाटे वरच्या अंगाला पाऊस झाला आणि नऊच्या सुमाराला अडाण पुलावरून वाहायला लागली. पलीकडे वऱ्हाडाच्या गाड्या, अलीकडे मांडव, आचाऱ्याने पोळ्या लाटायला घेतलेल्या. बँडवाले दोन्ही काठांना अर्धे अर्धे अडकले होते आणि अधूनमधून एकमेकांना साथ देत होते. नवरदेवाचा एक मामा पाण्यातून मोटारसायकल घालायच्या गोष्टी करत होता, मुहूर्त टळेल म्हणून. त्याला चौघांनी धरून ठेवले होते.

अकरा बेचाळीस आले आणि गेले. मुलीच्या आईने डोळ्यांना पदर लावला. मग गावचे महाराज, ज्यांच्याशी मी आयुष्यभर मुहूर्तावरून भांडत आलो, धोतर खोचून चिखलातून माझ्याकडे आले.

"भाऊ, तुम्ही बोटीवर होते न. हे पाणी किती वाजता उतरन?"

मी वरच्या अंगाला, कारंजाकडे राहणाऱ्या मेहुण्याला फोन लावला. पाऊस थांबला का? सकाळीच थांबला. काठावर पाणी जिथे टेकले होते तिथे मी एक दगड ठेवला होता, पाऊण तासापूर्वी. पुलाच्या कठड्याला अडकलेला पालापाचोळा बघितला, पाणी त्याच्या खाली किती आले ते बघितले. खालची ओढ अजून जोरात होती; नुसती उंची उतरून चालणार नव्हते. आणि पलीकडच्या गाड्यांत म्हातारी माणसे होती, लेकरे होती.

"चारला पूल दिसन," मी म्हणालो. "पण चारला आणू नका. ओढ मराले आणखी तास-दोन तास जाईन. साडेपाचच्या आधी नाही. भरलेल्या गाड्या हायेत."

महाराजांनी पिशवीतून पंचांग काढले, चष्मा नाकावर सरकवला, बोट ओळींवरून फिरवत नेले, ओठांत काहीतरी पुटपुटले.

"गोरज धरतो मंग. सहा बावन्न." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितले. "जमन न?"

मी वाकून दगडाकडे पाहिले. पाणी त्याच्यापासून वीतभर खाली गेले होते.